मधला भाऊ

प्रश्न : 'चलती का नाम गाडी' परवा घरात सगळ्यांनी मिळून पाहिला. अशोककुमार आणि किशोरकुमार मुलांनीही ओळखले. पण तिसरा कोण? तो खरंच त्यांचा भाऊ होता का, आणि पुढे कुठे गेला?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सख्खा भाऊ. अनुपकुमार. खांडव्याचे वकील कुंजलाल गांगुली यांचा मुलगा, मूळ नाव कल्याण. थोरला कुमुद पडद्यावर अशोककुमार झाला, धाकटा आभास किशोरकुमार झाला, आणि मधल्या कल्याणचा झाला अनुपकुमार. मीही तीन बहिणींतली मधली. त्यामुळे तुमचा प्रश्न आला आणि इतर पत्रं बाजूला ठेवली.

तुम्ही पाहिलेला सिनेमा १९५८चा, दिग्दर्शक सत्येन बोस. ब्रिजमोहन, जगमोहन, मनमोहन असे तीन भाऊ आणि त्यांचं मोटार गॅरेज. थोरल्याला बायकांचं नावही खपत नाही. धाकटा मधुबालाच्या मागे वेडा. या दोघांच्या मध्ये अनुपकुमारचा जग्गू, दादाच्या धाकात वावरणारा, जरा बुजलेला. थोरल्याचा दरारा मला अशोककुमारच्या आवाजापेक्षा जग्गूच्या चेहऱ्यावर जास्त दिसतो. समोर घाबरणारं कुणी नसेल, तर दरारा दिसणार कशात? हे काम सोपं नाही, आणि त्याचं कौतुक फारसं कुणी केलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे तो कुठे गेला? कुठेच नाही. काम करत राहिला. किशोरच्याच 'झुमरू'त (१९६१) आहे. त्याच वर्षीच्या 'जंगली'त शम्मी कपूरच्या बहिणीचा, म्हणजे शशिकलाचा, प्रियकर तोच. 'कश्मीर की कली'तही (१९६४) तो आहे. नायक कुणी दुसराच, पण हा समोर आला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. नंतर दूरदर्शनच्या 'भीम भवानी' मालिकेत तो दादामुनींबरोबर, म्हणजे अशोककुमारबरोबर, होता. आमच्या घरी आई तेव्हा म्हणायची, "अगं, हा तो गॅरेजवाला!" नाव तिलाही आठवायचं नाही.

किशोरच्या योडलिंगमागे, म्हणजे गाताना आवाज झटक्यात वर-खाली करण्याच्या त्याच्या लकबीमागे, अनुपकडच्या परदेशी रेकॉर्ड होत्या, असंही सांगतात.

किशोर १९८७ साली १३ ऑक्टोबरला गेला, नेमका अशोककुमारच्या वाढदिवशी. अनुप १९९७च्या सप्टेंबरमध्ये गेला आणि सर्वांत थोरला सर्वांत शेवटी, २००१च्या डिसेंबरमध्ये.

सिनेमा पुन्हा लावाल तेव्हा 'बाबू समझो इशारे'ला मुलांना जवळ बसवा. तिघं एकाच मोटारीत आहेत. त्यांना म्हणावं, या वेळी फक्त मधल्याकडे बघा.