तारखेचा फोटो मागा

प्रश्न : ताई, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं ब्रिटिश अमदानीतले रुपये जमवलेत. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत फक्त 1939 चा चांदीचा रुपया नाही. दिवाळीनंतर त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील, तेव्हा तो द्यायचं मनात आहे. एका ऑनलाइन लिलावात तो दिसला. विक्रेत्याला 250 अभिप्राय आहेत, त्यातले 248 चांगले. एका वाईट अभिप्रायात ‘फोटोतलं नाणं वेगळं, आलेलं वेगळं’ असं लिहिलंय आणि खाली विक्रेत्याचं उत्तर आहे, ‘तुम्हाला नाण्यांतलं कळत नाही.’ तो म्हणतो, रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र आहे आणि लिलाव संपायची वाट न बघता यूपीआयने पैसे पाठवले तर 2,000 रुपये कमी करतो. विश्वास ठेवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थेट पैसे पाठवू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण असे विक्रेते घाई करतात. लिलावाच्या साइटवरून पैसे भरले तर तक्रारीला जागा राहते. बाहेरून गेले की व्यवहार फक्त तुमचा आणि त्याचा, साइट हात वर करते. पाठवून बसला असाल तर हे वाचणं थांबवा आणि आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. तिथे तासातासाने फरक पडतो.

प्रमाणपत्राचंही तसंच. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुणाला अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय. म्हणजे हा माणूस एक गोष्ट तर उघड खोटी बोलला.

खरं तर इथेच उत्तर संपायला हवं. पण तुम्ही हा रुपया दुसरीकडे शोधालच, आणि 1939 चा रुपया फार फसवा आहे. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. 1938 आणि 1939 चे रुपये त्याआधीच्या भरघोस चांदीचे, त्यातला 1938 चा सहज मिळतो, 1939 चा मिळत नाही. म्हणून खोटं करणारा नवं नाणं ओतायच्या भानगडीतच पडत नाही. तो 1938 चा अस्सल रुपया घेतो आणि शेवटच्या 8 ची खालची डावी बाजू खरवडून त्याचा 9 करतो. चांदी खरी, वजन 11.66 ग्रॅम बरोबर, काठावरचे दाते बरोबर. सोनाराच्या काट्यावरही काही सापडत नाही. खोट असते ती एका आकड्याशेजारी, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत.

म्हणून विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागा : तारखेचा जवळून काढलेला फोटो, उजेड एका बाजूने तिरका पडेल असा. खरवडलेल्या जागेची चमक आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते, बारीक ओरखडे उठून दिसतात. पण मला त्या फोटोइतकंच त्याचं उत्तर महत्त्वाचं वाटतं. नाण्यांवर प्रेम असलेला माणूस असा फोटो आनंदाने पाठवतो. मी अनेक वर्षं एका वृद्ध गृहस्थांकडून नाणी घेत होते. पहिल्याच व्यवहारात त्यांनी न विचारता काठावरच्या खाचेचा फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘हे बघा, मग ठरवा.’ त्यांच्याकडून आलेलं एकही नाणं मला परत करावं लागलं नाही.

उलटा अनुभवही आहे. मी एकदा 3,500 रुपयांना शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, घेतली. फोटोत ‘श्री राजा शिव’ अगदी लख्ख. काठाचा फोटो मागितला तर उत्तर आलं, ‘शंका असेल तर घेऊ नका, गिऱ्हाइकं रांगेत आहेत.’ तरी घेतली. हातात आल्यावर काठावर बोट फिरवलं, तर साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ नखाला लागली. भिंगाखाली पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. शिवराई ठसा मारून पाडलेली असते, ही साच्यात ओतलेली होती. पैसे गेले, आणि त्या उत्तराकडे काणाडोळा केल्याची चुटपुट अजून आहे. तुमच्या विक्रेत्याचं ‘तुम्हाला कळत नाही’ वाचून मला तेच आठवलं.

248 च्या आकड्याने दिपून जाऊ नका. ते अभिप्राय कशाबद्दल आहेत ते उघडून वाचा. शंभर-दोनशे रुपयांची मोबाइल कव्हरं वेळेवर पाठवणारा महागडं नाणंही सचोटीने विकेल, याची खात्री काय? त्याच किमतीची, त्याच प्रकारची वस्तू त्याने आधी किती जणांना दिली, ते मोजा. बाकीचे फोटोही पाहा. जो स्वतः फोटो काढतो त्याच्या फोटोंत तोच टेबलक्लॉथ, तोच खिडकीचा उजेड दिसतो. दर नाण्यामागे वेगळी पार्श्वभूमी असेल तर ते फोटो गूगल लेन्सवर टाका, कधी कधी एखाद्या जुन्या लिलावात तेच नाणं निघतं. बोलीचा इतिहास दिसत असेल तर याच विक्रेत्याच्या वस्तूंवर सारखी बोली लावणारा आणि कधीच न जिंकणारा कुणी आहे का, तेही बघा. तो भाव चढवायला बसवलेला असू शकतो.

तुम्ही नाशिकचे, म्हणजे अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था तुम्हाला जवळ. एकदा तिथलं संग्रहालय पाहून या. खरी नाणी डोळ्यांखालून गेली की फोटोही वेगळे दिसायला लागतात.

दुसऱ्या कुणाकडून रुपया मिळाला, तर पार्सल फोडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ घ्या. मग वडिलांच्या डबीतला 1938 चा रुपया गुपचूप काढा, दोन्ही शेजारी ठेवा आणि शेवटचा आकडा भिंगातून सावकाश बघा. शंका आली तर परतीची मुदत संपायच्या आत मला दोन्हींचे फोटो पाठवा.