‘पॉश’ हा शब्द जहाजाच्या तिकिटावरून आला, हे खरं का?

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत: ‘पॉश’चा नेमका अर्थ काय, तो ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’च्या (म्हणजे येताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी) आद्याक्षरांवरून आला ही गोष्ट खरी का, आणि इंग्लंडमध्ये शिकायला गेल्यावर कुणाला पॉश म्हटलं तर चालेल का.

गोष्ट खोटी आहे. साफ खोटी. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल.

मी बॅलार्ड इस्टेटमध्ये एका शिपिंग एजंटकडे उभी नोकरी केली. मॅनिफेस्ट, बिल ऑफ लेडिंग, डिलिव्हरी ऑर्डर, पावसाळ्यात कस्टमच्या पायऱ्यांवर छत्री धरून फायली सांभाळणं, यात जन्म गेला. आमचं काम मालाचं, प्रवाशांचं नव्हे. तरी जहाजांबद्दल कुणी ठोकून द्यायला लागलं की मला गप्प बसवत नाही.

आणि ठोकून देणारे आमच्या घरातच आहेत. आमचे साडू. घोडबंदर रोडला त्यांनी टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. त्याच्या वास्तुशांतीला कुणीतरी सहज म्हणालं, “वा, एकदम पॉश!” झालं. पंगत बसायची होती, गुरुजी दक्षिणेची वाट बघत होते, आणि साडूंनी गोष्ट लावली. म्हणे विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या इंग्रज जहाज कंपनीच्या बोटींवर बड्या साहेबांना उन्हापासून दूर असलेल्या बाजूची केबिन मिळायची. येताना डावी, परत जाताना उजवी. म्हणून त्यांच्या तिकिटावर पी-ओ-एस-एच असा जांभळा शिक्का. पुरावा म्हणून मोबाइलवर तिकिटाचा फोटो फिरवला. पिवळट कागद, कडा जळक्या, वर साल 1902 आणि खाली शहराचं नाव इंग्रजीत ‘मुंबई’. 1902 साली इंग्रजी तिकिटावर बॉम्बेऐवजी मुंबई! हे मी सगळ्यांसमोर बोललो. सौ. नी डोळे वटारले. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ द्या हो, पानं वाढलीयत.”

मी पानावर बसलो, पण पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर तांबडा समुद्र काढूनच. कारण या गोष्टीतला निम्मा भाग पटण्यासारखा आहे, म्हणून तर ती टिकते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एडनहून मुंबईकडे येणाऱ्या बोटीची उजवी बाजू दक्षिणेला, म्हणजे ऊन तिकडे आणि डावीकडे सावली. परतताना उलट. इथवर साडू बरोबर. पण जूनमध्ये त्या पट्ट्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, मग डावं काय नि उजवं काय. त्यात नैर्ऋत्येचा मोसमी वारा येताना उजव्या अंगाला मागून लागतो आणि जाताना डाव्या अंगाला पुढून. म्हणजे ज्या बाजूला पैसे मोजले ती नेमकी बिनवाऱ्याची! एवढं दाखवेपर्यंत माझा मसालेभात गार झाला आणि साडू जिलबी वाढायला उठून गेले.

असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. कंपनीकडेही तशी नोंद नाही. सुएझ कालवा 1869 साली खुला झाला, त्यानंतर दर आठवड्याला टपालाच्या बोटी येत राहिल्या, माणसांनी पत्रं लिहिली, रोजनिश्या लिहिल्या. त्यात हा शिक्का कुणालाच दिसू नये? ही व्युत्पत्ती छापून येते ती थेट 1935 च्या सुमारास. शब्द मात्र त्याआधीचा. ‘झकपक’ या अर्थाने तो पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज फौजेच्या बोलीत होता, आणि 1918 च्या एका व्यंगचित्रात तरुण वैमानिकाच्या तोंडी आहे.

त्याच्याही मागे जा. 1830 च्या दशकात लंडनच्या चोर-भिकाऱ्यांच्या भाषेत पॉश म्हणजे अर्धी पेनी, चिल्लर. 1890 च्या बोलीकोशात त्याचा अर्थ छानछोकी माणूस असाही दिला आहे. अर्ध्या पेनीचा हा शब्द आला रोमानी लोकांच्या, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेतून. तिथे ‘पाश’ म्हणजे अर्धा, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘पार्श्व’. आपलं ‘माझ्यापाशी’मधलं ‘पाशी’ त्याच घरातलं. म्हणजे शब्द इंग्रजांनी बोटीतून इकडे आणला नाही. उलट त्याचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इथून पायी निघालेल्या भटक्यांबरोबर तिकडे गेले असावेत. हे साडूंना सांगायचं राहिलं, कारण तोवर आइस्क्रीम आलं होतं.

आद्याक्षरांवरून शब्द बनवायची खोड तशी फार जुनी नाही, विसाव्या शतकात ती बोकाळली. तेव्हा त्याआधीच्या शब्दाला कुणी अशी फोड दिली की समजावं, मागून शिवलेलं ठिगळ आहे. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, ही दर रविवारी येणारी लोणकढी त्यातलीच. बाकी स्टारबोर्डचाही ताऱ्यांशी काही संबंध नाही. जुन्या बोटींचं सुकाणू उजव्या अंगाला बांधलेलं असे, त्यावरून ते नाव. डावी बाजू आधी लारबोर्ड होती. वादळात दोन्ही सारखंच ऐकू येई, म्हणून 1844 साली ब्रिटिश आरमाराने ‘पोर्ट’ सक्तीचं केलं.

एक मात्र कबूल करायला हवं. चिल्लर ते छानछोकी ते झकपक, ही साखळी कोशकारही छातीठोकपणे सांगत नाहीत. ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असा शेरा असतोच. मला ती सगळ्यात पटते, इतकंच.

आता अर्थ. आपल्याकडे वस्ती पॉश, हॉटेल पॉश, झालं. सध्या ऑफिसात ‘पॉशचं ट्रेनिंग आहे’ म्हणतात तो लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. तिथे मात्र आद्याक्षरं खरोखरच आहेत. इंग्लंडमध्ये शब्दाला वर्गाचा वास आहे. घर, रेस्टॉरंट, कोट यांना पॉश म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. माणसाला किंवा त्याच्या बोलण्याला म्हणालात तर ‘बड्या बापाचा, महागड्या शाळेतला’ असा टोमणा निघतो. मित्रांत चालतं, प्राध्यापकांना म्हणू नका.

आणि आमचे साडू हे वाचत असतील तर त्यांना एवढंच: मूळ तिकीट आणा, कागदाचं. मोबाइलवरचं चालणार नाही.