सातबाऱ्यावरचं ए.कु.मॅ. आणि अ.पा.क. म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की आजोबांच्या जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर मोठ्या काकांच्या नावापुढे ए.कु.मॅ. लिहिलंय, दुसऱ्या एका गटात कुणाच्या तरी नावापुढे अ.पा.क. आहे, तर ही काय आडनावं आहेत का, आणि काका एकटेच मालक धरायचे का.

आडनावं नाहीत. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, काही ठिकाणी ए.कु.क. पण दिसेल, ते एकत्र कुटुंब कर्ता. पूर्वी वडील वारले की घरातल्या थोरल्याचं नाव लावायचे आणि पुढे ही अक्षरं टाकायचे, म्हणजे जमीन सगळ्यांची, हा फक्त कुटुंबाच्या वतीने बघणारा. म्हणून काका एकटे मालक असं या नोंदीवरून अजिबात निघत नाही, उलट बाकीच्यांचा हिस्सा आहे हेच ती नोंद सांगते.

पण खरा घोळ पुढे होतो. नवीन पानावर उतरवताना, नंतर कॉम्प्युटरवर चढवताना कधी कधी ही अडीच अक्षरं गळतात आणि नुसतं थोरल्याचं नाव उरतं, मग पुढच्या पिढीला वाटतं की जमीन त्यांचीच. बहिणींचं तर आणखी वेगळं, त्यांची नावं बऱ्याचदा मालकांच्या रांगेत न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलेली असतात, आणि तो रकाना म्हणजे बँकेचा बोजा, विहीर, रस्ता असलंच काहीतरी समजून लोक वाचतच नाहीत. तो आधी वाचा असं मी कळकळीने सांगेन, तिथे तुमच्या आत्याचं नाव असू शकतं.

नावाच्या जवळ वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. खरी माहिती तिथे आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12 एकत्र, सातमध्ये हक्क आणि बारामध्ये पिकं, पण नाव का लागलं, कुणाचं कमी झालं हे गाव नमुना 6 मध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत असतं, आणि वारसांची नोंद 6क मध्ये. तर तो आकडा घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल मागा, आजोबांच्या मृत्यूनंतरच्या त्या फेरफारात आणि 6क मध्ये कोणकोण वारस दाखवलेत ते बघा. जुन्या उताऱ्यात एखादं नाव कंसात दिसलं तर ते नाव कमी केलेलं आहे असं समजायचं, आणि का केलं ते परत फेरफारातच.

आता अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, 18 पूर्ण न झालेला, सज्ञानच्या उलट. आधी मुलाचं नाव, मग अ.पा.क. आणि मग आईचं किंवा काकांचं नाव असं लिहितात. मालक मूलच, मागचं नाव सांभाळणाऱ्याचं. मूल सज्ञान झालं की जन्माचा पुरावा लावून अर्ज करायचा आणि पालनकर्त्याचं नाव कमी करून घ्यायचं, कितीतरी घरात पन्नाशीच्या माणसापुढे अजून अ.पा.क. तसंच आहे. मध्ये पालकाने मुलाची स्वतंत्र जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल तर सज्ञान झाल्यापासून 3 वर्षांच्या आत त्याला दाद मागता येते, म्हणून हा शेरा हलका समजू नका.

आणि सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की असंही नाही हं. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 प्रमाणे नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यावर, आणि वाद झालाच तर दिवाणी कोर्टात. तुमच्या केसमध्ये काका हयात असतील तर सगळ्यांनी मिळून वारसनोंदीचा अर्ज देणं सगळ्यात सोपं, त्यात आत्याचं नाव मालकांच्या रकान्यात येतंय का ते मात्र सही करायच्या आधी बघून घ्या.