१७ की ६६? मुंबई–गोवा महामार्गाच्या लेखाची दुरुस्ती

या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच विषयाचे आहेत : विकिपीडियासाठी मुंबई–गोवा महामार्गावरचा लेख तपासायचा आणि सुधारायचा कसा. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी या महामार्गावरचा मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) तयार केला आहे. तो मूळ लेखात घालण्याआधी काय काय तपासावं? — एक प्राध्यापिका, चिपळूण

आधी क्रमांक तपासा. घाट, पूल, गावं सगळं त्यानंतर. २०१० साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक मिळाले आणि आपला १७ नंबरचा रस्ता ६६ झाला. पण तुमच्या मसुद्यातलं ‘६६ म्हणजेच पूर्वीचा १७’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. जुना १७ पनवेलहून निघून केरळात कोचीजवळ एडापल्लीला संपायचा. ६६ पनवेलहून थेट कन्याकुमारीला जातो आणि त्यात जुन्या ४७ चा काही भागही आला आहे.

त्याहून मोठा घोळ दुव्यांचा होतो. मोकळा झालेला १७ हा आकडा आता पश्चिम बंगालमधल्या सेवोकहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. मसुद्यात ‘राष्ट्रीय महामार्ग १७’ असा दुवा राहिला, तर महाडबद्दल वाचणारा माणूस कूचबिहारला पोचतो. उलटंही होतं. २०१० पूर्वीच्या कागदात ६६ दिसला तर तो कृष्णगिरी–तिंडीवनम–पुदुच्चेरी रस्ता, आपला नव्हे. म्हणून कुठलाही संदर्भ हातात आला की आधी त्याची तारीख बघा, मग क्रमांक.

नव्या क्रमांकांची रीत मुलांना समजावून सांगा, पडताळा घ्यायला ती फार उपयोगी पडते. उत्तर–दक्षिण रस्त्यांना सम आकडे असतात आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, म्हणून पश्चिम किनाऱ्याला ६६. पूर्व–पश्चिम रस्त्यांना विषम आकडे. फाटा फुटला की मागचे दोन आकडे मूळ रस्त्याचे राहतात. रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता पूर्वी २०४ होता, आता १६६ आहे : ६६ चा फाटा.

मग गावांचे दुवे एकेक उघडून बघा. इंदापूर माणगाव तालुक्यातलं हवं, पुणे जिल्ह्यातलं नको. खेड रत्नागिरीतलं हवं. पाली हातखंब्याजवळची हवी; सुधागडची, बल्लाळेश्वराची पाली वेगळी. नांदगाव तर महाराष्ट्रात कितीतरी आहेत. दुवा निःसंदिग्धीकरण पानावर (एकाच नावाच्या अनेक लेखांची यादी असलेल्या पानावर) जात असेल तर तो अपुरा समजा.

आता मसुद्यातलं एक वाक्य घेऊ : ‘हा महामार्ग अलिबाग, रोहा, रत्नागिरी, सावंतवाडी या प्रमुख शहरांतून जातो.’ यातल्या एकाही शहरातून आजचा महामार्ग जात नाही. अलिबागसाठी वडखळला वळावं लागतं, रोह्यासाठी कोलाडला, रत्नागिरीसाठी हातखंब्याला. सावंतवाडी जुन्या रस्त्यावर होती. झाराप–पत्रादेवी हा चौपदरी रस्ता शहराला बाहेरून वळसा घालतो. वाक्य असं करता येईल : ‘वडखळ, कोलाड आणि हातखंबा इथून अनुक्रमे अलिबाग, रोहा आणि रत्नागिरीकडे रस्ते फुटतात.’ रस्त्यावरचं गाव आणि रस्त्यावरून जिथे जाता येतं ते गाव, यांची सरमिसळ ही अशा लेखांतली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती नुसतं वाचून लक्षात येत नाही. नकाशा शेजारी उघडा ठेवून वाचावं लागतं.

वर्णन एकाच दिशेने करा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ लिहू नका, पूर्व-पश्चिम लिहा. गोव्याहून येणाऱ्याचा डावा हात वेगळा असतो.

शुद्धलेखनात इंग्रजीवरून उलटी आलेली नावं शोधा. ‘पेन’, ‘मानगाव’, ‘वाडखळ’, ‘हाटखंबा’ दिसलं की तो मजकूर यंत्राने भाषांतर केलेला असण्याची शक्यता दाट. तिथली बाकीची वाक्यंही पुन्हा तपासा.

प्रश्न : लेखातलं अंतर, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि मोबाईलवरचा नकाशा, तिन्ही आकडे वेगळे येतात. कोणता धरायचा? — वाचक, राजापूर

तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तिघांची मोजणी वेगळी आहे. जुन्या पिवळ्या डोक्याच्या दगडांवरची मोजणी पनवेलला शून्य धरून आहे. चौपदरीकरणाचे टप्पेही तिच्यावरच बेतले गेले : पनवेल ते इंदापूर ० ते ८४ किमी, इंदापूर ते झाराप ८४ ते सुमारे ४५०, आणि पुढे पत्रादेवीपर्यंत सुमारे ४७१. पण चौपदरीकरणात वळणं सरळ झाली, काही गावांना बाहेरून रस्ता निघाला, कशेडीला घाटाऐवजी बोगदा आला. त्यामुळे प्रकल्पाच्या कागदातलं चेनेज (सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) आणि जुना दगड जुळत नाहीत. दक्षिणेकडे जाऊ तसा फरक साठत जातो, म्हणून राजापूरला तो पेणपेक्षा ठळक दिसतो. मोबाईल तुम्ही उभे असाल तिथून मोजतो, तो तर वेगळाच हिशोब.

उपाय एकच. लेखातल्या चौकांच्या तक्त्यात अंतराचा रकाना भरताना एकच मोजणी घ्या आणि कोणती ते रकान्याच्या डोक्यावर लिहा. अर्धे आकडे एका कागदातले, अर्धे दुसऱ्यातले असं झालं की लांज्यानंतरचं गाव लांज्याच्या आधी येतं. तक्ता भरून झाला की लगतच्या दोन ओळींची वजाबाकी करत जा. उणे उत्तर आलं की तिथे थांबा.

हातखंबा ते पाली या तुकड्यावर ६६ आणि १६६ एकत्र धावतात. दोन्ही रस्त्यांच्या लांबीत तो तुकडा धरायचा, पण जिल्ह्यातल्या महामार्गांची बेरीज करताना एकदाच.

तक्त्यात प्रत्येक फाटा नको. राज्यमार्ग किंवा त्याहून मोठा रस्ता जिथे मिळतो तेवढे चौक पुरेत : पोलादपूर (महाबळेश्वर), भरणे नाका (दापोली), चिपळूण (गुहागर, कराड), निवळी (गणपतीपुळे), तळेरे (विजयदुर्ग, गगनबावडा), कसाल (मालवण), असे.

प्रश्न : कणकवलीतून हा रस्ता तीस वर्षं बघतोय. मी घातलेला परिच्छेद ‘संदर्भ नाही’ म्हणून उडवला. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं? — वाचक, कणकवली

खोटं कुणी म्हटलेलं नाही. विकिपीडियाचा नियम असा की वाचणाऱ्याला ते पडताळता आलं पाहिजे, आणि तुमचे डोळे त्याला उघडून बघता येत नाहीत. तुमच्या माहितीचा उपयोग मात्र मोठा आहे : काय शोधायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या राजपत्रातल्या अधिसूचना, सार्वजनिक बांधकाम विभागाचे कागद, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं यांत तीच गोष्ट शोधा आणि पान क्रमांकासह द्या. शोधताना जिल्ह्याचं नाव सांभाळा. १९८१ पूर्वीच्या कागदात कणकवली रत्नागिरी जिल्ह्यात सापडेल आणि महाड कुलाबा जिल्ह्यात.

इतिहासासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरी–सावंतवाडी (१८८०) आणि कुलाबा–जंजिरा (१८८३) हे खंड जरूर वापरा. ते स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. फक्त त्यातला रस्ता म्हणजे आजचाच महामार्ग असं गृहीत धरू नका. तेव्हाची मुख्य वाहतूक बंदरांतून घाटाकडे, म्हणजे आजच्या रस्त्याला आडवी होती.

आणखी एक. ‘सध्या काम सुरू आहे’, ‘लवकरच पूर्ण होईल’ ही वाक्यं काढून टाका. या महामार्गाच्या मुदती किती वेळा पुढे गेल्या ते कोकणात कुणाला सांगायला नको. त्याऐवजी अमुक महिन्याच्या बातमीनुसार अमुक तुकडा पूर्ण, असं लिहा. तारीख घातलेलं वाक्य जुनं झालं तरी चुकीचं ठरत नाही.

प्रश्न : सावित्री पुलाच्या दुर्घटनेवर किती लिहावं? — वाचक, महाड

चार-पाच वाक्यं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूरच्या दरम्यानचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या गाड्यांसह माणसं गेली, जून २०१७ मध्ये नवा पूल सुरू झाला. सापडलेले मृतदेह आणि बेपत्ता माणसं हे दोन आकडे वेगळे द्या, कारण पहिल्या काही दिवसांच्या बातम्यांत ते रोज बदलत होते. सविस्तर हकिकतीला स्वतंत्र लेख हवा; महामार्गाच्या लेखातून तिकडे दुवा द्या. गेलेल्या माणसांच्या घरचे हा लेख वाचतात, म्हणून ‘थरारक’, ‘काळरात्र’ असे शब्द नकोत.

प्रश्न : सागरी महामार्ग याच लेखात घालावा का? — वाचक, गुहागर

नको, त्याला वेगळा लेख हवा. रेवस ते रेडी हा रस्ता राज्याचा, त्याची वाट वेगळी आणि त्याची अडचणही वेगळी. महामार्ग सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या आत, महाड-चिपळूण-संगमेश्वरकडे ओलांडतो. किनाऱ्याला त्याच नद्यांच्या रुंद खाड्या होतात. तिथे बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड आणि त्यांच्या उत्तरेला राजपुरी खाडीत दिघी–आगरदांडा इथे वाहनं फेरीबोटीवर चढवतात. त्या लेखाच्या तक्त्यात ‘खाडी आणि ती ओलांडण्याची सोय’ असा रकाना ठेवाच.

प्रश्न : शेवटी तपासायला कोणाकडे द्यावं? — एक विद्यार्थी, देवरूख

दोघांकडे. एक जण या रस्त्यावर गाडी चालवणारा, दुसरा कोकणात कधी न आलेला. पहिल्याला गावांचा क्रम चुकलेला कळेल, दुसऱ्याला ‘नाक्यावरून पुढे’ हे कुणालाच कळणार नाही ते कळेल. मग लेखाच्या चर्चा पानावर काय बदलणार ते लिहा आणि एका वेळी एकच विभाग बदला, प्रत्येक बदलाचा आढावा एका ओळीत देऊन. सगळा लेख एका दमात बदलला, तर एका चुकीच्या आकड्यासाठी कुणीतरी तुमचं सगळं काम उलटवतं.