एडिसनला येताय आणि नवीन गाडी घ्यायचीय? भाव घरी बसून करा

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये पुण्याहून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला येतोय, बायको आणि दोन मुलं बरोबर, नंतर आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून मोठी गाडी हवी, नवीनच हवी, तर इथे डीलरकडे घासाघीस चालते का, किती चालते, आणि आल्या आल्या घ्यावी का.

शेवटचं आधी सांगतो, आल्या आल्या नको. एक-दीड महिना भाड्याची गाडी चालवा, महाग वाटेल पण परवडते. कारण असं की तुमच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसणार, तो यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि क्रेडिट हिस्टरी तर शून्य. इथे तुमचा पुण्यातला फ्लॅट, सिबिल ७९० वगैरे कोणी बघत नाही. डीलरला हे तुम्ही तोंड उघडायच्या आत कळतं, आणि ज्याला गाडीची घाई आहे आणि कर्ज कुठून मिळणार ते माहीत नाही असं गिऱ्हाईक त्यांना सगळ्यात आवडतं.

आता भाव होतो का? होतो. इथे बहुतेक राज्यांत कायदाच असा आहे की टोयोटा, होंडासारख्या कंपन्यांनी थेट गिऱ्हाइकाला गाडी विकायची नाही, मध्ये डीलर पाहिजेच. डीलर गाडी कंपनीकडून विकत घेतो, बहुतेक वेळा कर्ज काढून, आणि ती लॉटवर, म्हणजे शोरूमच्या आवारात, उभी आहे तोवर त्याचं व्याज चालू असतं. म्हणून चार-पाच महिने पडून असलेल्या गाडीवर तो पटकन खाली येतो. गाडी किती जुनी आहे हे ओळखायला ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीत एक छोटा स्टिकर असतो, त्यावर कुठल्या महिन्यात बनली ते छापलेलं असतं. सेल्समन हे आपणहून सांगत नाही. आणि एक जर्सीची गंमत, रविवारी इथे गाड्यांची विक्री कायद्याने बंद असते, शोरूमला कुलूप. त्यामुळे रविवारी सकाळी लॉटवर निवांत फिरता येतं, कोणी मागे लागत नाही, ज्या लॉटला साखळी लावत नाहीत तिथे.

खिडकीवर जो मोठा स्टिकर असतो तो १९५८ च्या कायद्याने सक्तीचा आहे, त्यावरची किंमत म्हणजे कंपनीने सुचवलेली किंमत, बंधनकारक नाही. त्यापेक्षा कमीतही विकू शकतात आणि जास्तीतही. त्याच्या शेजारी कधीकधी दुसरा एक कागद चिकटवलेला दिसेल, तो डीलरचा स्वतःचा. त्यात टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर नंबर कोरणं, दाराच्या कडेला प्लास्टिकची पट्टी, पेंट प्रोटेक्शन, असलं काहीबाही हजार-दोन हजार डॉलरचं लिहिलेलं असतं. (आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकटच आहे, असो.) ते म्हणतील आधीच लावलंय, काढता येत नाही. बरं, नका काढू, किमतीतून काढा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे कसं एक्स-शोरूम ऐकून कोणी खूश होत नाही, ऑन-रोड किती ते विचारतो, तसं इथे आउट-द-डोअर विचारायचं. म्हणजे गाडी, कंपनीचा वाहतूक खर्च, डीलरची डॉक्युमेंट फी, नंबरप्लेट, रजिस्ट्रेशन आणि ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, सगळं धरून किल्ली हातात पडेपर्यंत किती. ३८ हजारांच्या गाडीवर नुसता टॅक्सच अडीच हजारांच्या वर जातो, म्हणून "आम्ही स्टिकरपेक्षा हजार कमी देतो" या वाक्याला काही अर्थ नाही. डॉक्युमेंट फी कॅलिफोर्नियात ८५ डॉलरच्या वर घेता येत नाही, जर्सीत अशी मर्यादाच नाही, इथे कित्येक शे डॉलर सहज लावतात आणि म्हणतात सगळ्यांना सारखीच आहे, कमी करता येत नाही. ठीक आहे, फी राहू दे, तेवढेच गाडीतून कमी कर म्हणायचं. एकूण आकड्यावर बोललात की ही सगळी वादावादी आपोआप संपते.

आणि हे सगळं शोरूममध्ये नाही, ईमेलवर. टेस्ट ड्राइव्ह आधी वेगळी उरकून घ्या, त्या दिवशी "आज फक्त बघायला आलोय" यापलीकडे एक शब्द नाही. मग घरी बसून मॉडेल, व्हेरियंट, दोन चालतील असे रंग ठरवा आणि चाळीस-पन्नास मैलांतल्या पाच-सहा डीलरांना एकच मजकूर पाठवा: अमुक गाडी, या महिन्यात घेणार, जर्सीत रजिस्टर होणार, आउट-द-डोअर किंमत प्रत्येक फी वेगवेगळी दाखवून पाठवा. नदीपलीकडचे पेनसिल्व्हेनियातले डीलरही धरा, गाडी तिकडून घेतली तरी टॅक्स जर्सीचाच लागतो पण स्पर्धा वाढते. निम्मे जण उत्तरच देणार नाहीत किंवा "या ना, समोरासमोर बसून बोलू" म्हणतील, त्यांना सोडून द्या. जे दोघं-तिघं आकडा देतील त्यातला सगळ्यात कमी उरलेल्यांना दाखवायचा, सरळ, ताकाला जाऊन भांडं लपवायचं काही कारण नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे केलं तर जास्त फळतं, कारण कंपनीचं टार्गेट आणि त्यावरचा बोनस बहुधा महिन्यावर असतो.

आपल्या लोकांचं घोडं कुठे अडतं माहितीये? शनिवारी सगळं कुटुंब घेऊन शोरूमला जातात. मुलं गाडीत चढून बसतात, बायकोला रंग आवडतो, सेल्समन पाण्याच्या बाटल्या आणून देतो, आणि मग तो "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून जातो तो वीस मिनिटं येतच नाही. येतो तेव्हा हातात एक कागद, चार चौकोन आखलेले, एकात बदल्यात दिलेल्या जुन्या गाडीची किंमत (तुमचा हा चौकोन रिकामा), एकात नवीची किंमत, एकात डाउन पेमेंट आणि एकात महिन्याचा हप्ता. हप्त्याच्या चौकोनावर जाड मार्करने गोल. "महिन्याला किती जमेल सर?" हा प्रश्न आला की आकडा सांगायचा नाही. तुम्ही ६०० म्हणालात की तो ६०० मध्ये बसवणारच, कर्ज ६० महिन्यांऐवजी ८४ करून. इथे चहापाणी घेतलं म्हणून गाडी घ्यायलाच पाहिजे असा संकोच वाटून घेऊ नका, त्या माणसाला रोज दहा जण नाही म्हणून जातात.

समजा भाव ठरला, ईमेलवर लेखी मिळाला. तरी अर्धीच लढाई झालीय, खरा खिसा फायनान्सच्या खोलीत कापला जातो. तिथे वेगळा माणूस बसतो, सूट घातलेला, अगदी सज्जन, तुमच्या मुलांची नावं विचारेल. तो स्क्रीन तुमच्याकडे वळवतो आणि त्यावर तीन-चार पॅकेजेस: वाढीव वॉरंटी, गॅप इन्शुरन्स (गाडी पूर्ण गेली तर विम्याचे पैसे आणि उरलेलं कर्ज यातला फरक भरणारा), टायर-रिम कव्हर, डेंट कव्हर. किंमत कधीच एकरकमी सांगणार नाही, "फक्त ४५ डॉलर महिना". ७२ महिन्यांनी गुणा, ३,२४० होतात. एकेका गोष्टीला नको म्हणा, तो चेहरा पाडेल, एक कागद पुढे करेल की मी नाकारलंय यावर सही करा, करून टाका. गॅप इन्शुरन्स डाउन पेमेंट फारच कमी असेल तरच लागतो, आणि तोही तुमच्या इन्शुरन्स कंपनीकडे बहुधा स्वस्त मिळतो.

व्याजदरातही कमिशन असतं. बँक डीलरला ६ टक्क्यांनी देते आणि तो तुम्हाला ८ टक्के सांगतो, मधला हिस्सा त्याचा, आणि हे कायदेशीर आहे. ३० हजारांच्या पाच वर्षांच्या कर्जावर हा फरक महिन्याला २८ डॉलर दिसतो, एकूण जवळपास १,७०० होतो. म्हणून आधी एखाद्या क्रेडिट युनियनकडून (आपल्या पतसंस्थेसारखी) मंजुरीचं पत्र घेऊन जा. काही ठिकाणी व्हिसाच्या मुदतीपेक्षा लांब कर्ज देत नाहीत, काही ठिकाणी जास्त डाउन पेमेंट मागतात, चार ठिकाणी विचारावं लागेल. दोन आठवड्यांच्या आत सगळीकडे अर्ज केलात तर क्रेडिट स्कोरसाठी ती एकच चौकशी धरतात, त्याची भीती नको.

जाहिरातीत १.९ टक्के, ०.९ टक्के दिसेल, ते भारी स्कोरवाल्यांना, तुम्हाला मिळणार नाही. पण तीच कंपनी बऱ्याचदा "कमी व्याज किंवा रोख सूट, दोन्हीपैकी एक" असं देते. तुम्ही रोख सूट घ्या. ती डीलरचं फायनान्स घेतलं तरच मिळते असं म्हणाले तर घ्या फायनान्स, फक्त लवकर फेडलं तर दंड नाही ना हे करारात बघा, आणि वर्षभराने स्कोर तयार झाला की कर्ज कमी व्याजाच्या बँकेकडे वळवा.

गाडीचं म्हणाल तर आपल्या देसी मंडळींची लाडकी टोयोटाची मोठी व्हॅन सिएना आहे, २०२१ पासून ती फक्त हायब्रिड येते, आणि तिच्यावर सूट विसरा, स्टिकरच्या भावात बाकी काही न चिकटवता मिळाली तरी घ्या. होंडाच्या ओडिसीवर मात्र बोलता येतं, तिथे वर सांगितलेला सगळा उद्योग कामाला येईल. इलेक्ट्रिकच्या मोहात असाल तर हिशोब नव्याने करा, साडेसात हजारांची केंद्राची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, जर्सीची सेल्स टॅक्सची माफीही गेली, वर रजिस्ट्रेशनच्या वेळीच चार वर्षांची इलेक्ट्रिक फी, हजार डॉलरच्या वर, एकदम भरावी लागते.

अजून एक, कारण हा गैरसमज फार आहे: डीलरच्या जागेवर सही केली की तीन दिवसांत परत वगैरे काही नसतं, गाडी तुमचीच. त्यामुळे सहीच्या आधी करारातला शेवटचा आकडा ईमेलशी जुळवा, एखादी नवीन ओळ दिसली तर ती काढेपर्यंत उठू नका, किंवा सरळ उठून घरी जा. इन्शुरन्स आधीच काढून ठेवा, त्याशिवाय गाडी लॉटबाहेर काढू देत नाहीत, आणि नवख्याला जर्सीत प्रीमियम झोंबतो, तेव्हा गाडी ठरवायच्या आधीच कोट मागवा. नारळ-लिंबू घरीच करा किंवा ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात वाहनपूजा होते तिथे जा. ईमेलची उत्तरं आली की फीच्या ओळींसकट इथेच टाका, कुठे काय घुसवलंय ते बघून सांगतो.