रेडिएशनमुळे घसा सोलून निघालाय, वडिलांना पाणीसुद्धा गिळवत नाही. नाकातून नळी घालू द्यावी का?

घालू द्या. "नळी घातली की माणूस संपला" असं तुमचे काका म्हणतात, हे वाचलं म्हणून लिहायला बसले.

हेच वाक्य आमच्या घरात माझ्या नणंदेच्या तोंडून ऐकलंय. सासूबाईंना (मी त्यांना आत्या म्हणते) गालाचा कॅन्सर. जन्मभर मिश्री लावलेली. ऑपरेशन झालं आणि मग रेडिएशन, गावाकडे ज्याला 'लाईट' म्हणतात ते. सुरुवातीला आत्या लाईट घेऊन यायच्या आणि आमटीत भाकरी कुस्करून खायच्या. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून लालबुंद झालं, वर पांढरे पापुद्रे आले. लाळ इतकी चिकट की फडक्यानं ओढून काढावी लागायची. बिनमिठाचं वरणसुद्धा झोंबायचं. खाणं तुटलं, वजन उतरलं, आणि चेहऱ्यावर बसवतात तो जाळीचा मास्क सैल झाला. टेक्निशियननं गालापाशी बोट घालून दाखवलं. मास्कमध्ये डोकं हललं तर किरण नको तिथे लागणार. डॉक्टर म्हणाले, आजच नळी घालू.

नणंदबाई त्याच दिवशी आल्या. म्हणे, "आठ दिवस आराम देऊ, अंगात ताकद आली की पुन्हा सुरू करू." शिकलेली बाई हो! हा कोर्स आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे सलग देतात तो उगाच नाही. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. आमचे हे नेहमीप्रमाणे गप्प. सही मी केली.

मग नाचणीची पेज मलमलच्या फडक्यातून गाळायची, दूध, डाळीचं पाणी, डाएटिशियननं दिलेली प्रोटीनची पावडर, सगळं सिरिंजनं सावकाश. पाठीला उशा लावून बसवायचं, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. आत्यांना चहाचं भारी वेड. कप आधी नाकाशी धरायला लावायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, आता घाल." कोर्स खंड न पडता पुरा झाला. आज मऊ भात, शिरा, अंडं सगळं तोंडानं खातात, तिखट तेवढं चालत नाही. तरी प्रत्येक लग्नात नणंद पाहुण्यांना सांगते, "वहिनीनं आईला नळी घातली." घातली. म्हणून तर आई लग्नाला आली.

बाकी घशाचं म्हणाल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, आणि दर दोन-तीन तासांनी गुळण्या. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत, लिंबूपाणी तर नकोच (तेही नणंदेचंच डोकं). जेवणाआधी तोंड बधिर करणारं जेल डॉक्टर लिहून देतात, पण त्यानंतर घास जपून, ठसका लागतो. दुखण्याची गोळी वेळेवर द्या, कळ उठायची वाट बघू नका. मॉर्फिन लिहून दिलं तर "सवय लागेल" म्हणणाऱ्यांना घराबाहेर बसवा. मॉर्फिननं पोट मात्र बांधतं, त्याचंही औषध मागून घ्या. पांढरे डाग दिसले तर ती बुरशीही असू शकते, ते दाखवा, त्याला वेगळं औषध असतं. आणि शेवटचा लाईट झाला की लगेच बरं वाटेल असं वडिलांना सांगू नका, पुढचा आठवडा-दोन आठवडे घसा आणखी दुखू शकतो.

आता हेही सांगते, नळी प्रत्येकालाच लागते असं नाही. वजन टिकून असेल, पातळ पोटात जात असेल, तर डॉक्टर थांबतीलही. नळी असली तरी ठसका लागत नसेल तर घोट-घोट पाणी गिळायला लावा आणि शिकवलेले गिळण्याचे व्यायाम चुकवू नका, नाहीतर गिळायचे स्नायू आखडतात. नळी जागेवर आहे ना, हे दर वेळी बघूनच काही घाला. सोबत किमो असेल आणि ताप १०० च्या वर गेला, किंवा तोंडातून रक्त आलं, श्वास घ्यायला त्रास झाला, तर रात्री कितीही वाजलेले असोत, थेट दवाखाना. तेव्हा काकांना फोन लावत बसू नका.