शार्लट्सव्हिलमध्ये एकच दिवस आहे, तर व्हर्जिनिया विद्यापीठ आणि गाव कसं पाहावं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियात एमएससाठी सोडायला ऑगस्टच्या उत्तरार्धात तुम्ही दोघं येताय, वय साठीच्या पुढे, जेवण शाकाहारी, गाडी भाड्याने घेतलेली. तिची खोली लावून झाली की एक दिवस मोकळा उरतो. त्या दिवसात गाव, वाइनरी आणि शेनान्डोआचा घाटरस्ता असं सगळं बसवायचा विचार आहे. मी वाइनरी आणि घाट सरळ गाळेन. गाव नीट पाहायला दिवस जेमतेम पुरतो, आणि घाट पुढच्या खेपेला, पानं रंगतात तेव्हा ऑक्टोबरात जास्त शोभतो.

क्रम असा ठेवा: सकाळी माँटिचेलो (विद्यापीठाचा संस्थापक आणि अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं डोंगरावरचं घर), दुपारी विद्यापीठ, संध्याकाळी डाउनटाउन मॉल. हॉटेल विद्यापीठाजवळ असतं म्हणून बरेच जण सुरुवात तिथून करतात आणि तिथेच चुकतात. माँटिचेलोचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. दुपारची वेळ मिळाली तर डोंगरमाथ्यावरच्या उघड्या बागेत ऐन उन्हात फिरावं लागतं, शिवाय ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचा पाऊस कधीही येतो. विद्यापीठाचं आवार मात्र विनातिकीट आहे, तिथे तासभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

माँटिचेलो (उच्चार ‘चेलो’, ‘सेलो’ नाही) गावापासून अवघ्या काही मैलांवर आहे. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, सकाळची शक्य तितकी लवकरची वेळ घ्या आणि त्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी खालच्या पर्यटक केंद्रात पोचा. तिथून बहुतेक जण शटल बसने वर जातात, आणि लोकांची वेळ चुकते ती याच बसच्या रांगेत. नेहमीची सफर तळमजल्याची असते. वरचे मजले दाखवणारं वेगळं तिकीट मिळतं, पण ते जिने जेमतेम दोन फूट रुंद आणि खडे आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

आत गेल्यावर प्रवेशदालनातल्या मोठ्या घड्याळापाशी थांबा. ते तोफगोळ्यांसारख्या वजनांवर चालतं. आठवडाभरात वजनं हळूहळू खाली उतरतात आणि भिंतीवर लिहिलेल्या वारांवरून आज कोणता वार ते कळतं. दोर खोलीच्या उंचीपेक्षा लांब भरले, म्हणून जमिनीला भोकं पाडली, आणि शनिवार गेला तळघरात! त्याच घड्याळाची एक तबकडी बाहेर व्हरांड्याकडे आहे. तिला फक्त तासकाटा आहे. शेतावर काम करणाऱ्यांना मिनिटं कळण्याची गरज नाही, असा मालकाचा हिशेब.

त्या काम करणाऱ्यांची ओळख करून घेतल्याशिवाय घर पाहून झालं असं म्हणता येत नाही. ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभरात ६०७ माणसं गुलाम म्हणून बाळगली. घराशेजारच्या मलबेरी रो या रस्त्यावर त्यांच्या खोल्या आणि कामाच्या शेड होत्या. त्यांच्यातलीच एक, जेफरसनच्या मुलांची आई सॅली हेमिंग्ज, तिच्यावरचं दालन २०१८ पासून दक्षिणेकडच्या पाखात आहे. गुलामगिरीवरची वेगळी मार्गदर्शित फेरी असेल तर ती घ्या, घराच्या सफरीपेक्षा ती जास्त काळ लक्षात राहते. मग पश्चिमेकडच्या हिरवळीवर जा, खिशातलं पाच सेंटचं नाणं उलटं करा आणि समोर बघा. नाण्यावरचं घर हेच. भाजीबाग १००० फूट लांब आहे आणि तिला सावली जवळजवळ नाही, तेव्हा टोपी लागेलच.

खाली येताना शटल न घेता पायवाटेने उतरा. वाट उताराची आहे आणि मध्ये जेफरसनची समाधी लागते. दगडावर त्याने स्वतः निवडलेली तीनच कामं कोरली आहेत: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि हे विद्यापीठ. राष्ट्राध्यक्ष होता याचा उल्लेखही नाही. मुलगी सोबत असेल तर तिला तो दगड वाचू द्या, ज्या विद्यापीठात ती शिकणार त्याचं मोल संस्थापकाच्या लेखी काय होतं ते तिथे कळतं. माँटिचेलोला एकूण तीन तास धरा.

जेवणाबद्दल. डोंगराच्या पायथ्याकडे मिची टॅव्हर्न ही जुन्या धाटणीची खानावळ आहे. सगळे तिची शिफारस करतात, पण तिचा डौल तळलेल्या कोंबडीवर आहे. शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: अमेरिकेच्या दक्षिणेत पाटीवर ‘व्हेजिटेबल’ लिहिलं म्हणजे पदार्थ शाकाहारी असतोच असं नाही. घेवडा, चवळी, पालेभाजी शिजवताना चवीला हॅमचा किंवा बेकनचा तुकडा टाकायची तिथली रीतच आहे. बिस्किट म्हणजे आपलं चहाचं बिस्किट नव्हे, ताकात भिजवलेल्या पिठाचा मऊ पाव. त्यात लोण्याऐवजी कधी डुकराची चरबी (लार्ड) असते. ‘हे व्हेजिटेरियन आहे का’ एवढ्यावर संभाषण संपू देऊ नका, ‘यात हॅम, बेकन किंवा लार्ड आहे का’ असं पदार्थागणिक विचारा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. चीज घातलेल्या मिळाल्या तर पोटभर होतात. चहा मागितला तर बर्फ घातलेला गोड चहा समोर येईल. नको असेल तर ‘अनस्वीट’ म्हणा, गरम हवा असेल तर ‘हॉट’. हा सगळा खल टाळायचा असेल तर थेट विद्यापीठासमोरच्या कॉर्नर या भागात जा. तिथे बोडोज या दुकानात बेगल (कड्याच्या आकाराचा पाव) स्वस्त आणि चांगला मिळतो.

आता विद्यापीठ. गाडी एमेट स्ट्रीटवरच्या सेंट्रल ग्राउंड्स गॅरेजमध्ये लावा. रस्त्याकडेला जागा शोधत फिरू नका, बऱ्याच जागा परवानाधारकांच्या असतात. आणि ‘कॅम्पस’ म्हणू नका, इथे ‘ग्राउंड्स’ म्हणतात. फ्रेशमनही नाही, ‘फर्स्ट इयर’. मुलगी हे आठवड्याभरात शिकेल, तुम्ही एक दिवस आधी.

स्थापना १८१९ ची, वर्ग सुरू झाले १८२५ मध्ये. रोटुंडा ही घुमटाची इमारत रोमच्या पँथिऑनवरून निम्म्या मापाने बेतलेली आहे: व्यास ७७ फूट, उंचीही तेवढीच. जेफरसनने मध्यभागी चर्च न ठेवता ग्रंथालय ठेवलं, त्या काळाच्या मानाने हे धाडसच. २७ ऑक्टोबर १८९५ ला ती जळाली. आग जोडइमारतीतून येत होती म्हणून मधला भाग सुरुंगाच्या दारूने उडवायचा प्रयत्न झाला आणि त्याने उलट आगीला वाट मिळाली. आजचं आतलं रूप १९७६ मध्ये जेफरसनच्या आराखड्याबरहुकूम परत केलेलं आहे. आत प्रवेश मोफत आहे, फक्त समारंभ असला की बंद ठेवतात, म्हणून त्या दिवशीची वेळ आधी बघून घ्या. वर घुमटाच्या खोलीत जा, पण खालच्या मजल्यावरची रसायनशाळेची भट्टी चुकवू नका. भिंतीत चिणलेली ही भट्टी दुरुस्तीच्या वेळी सापडली.

रोटुंडाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर लॉन ही लांब हिरवळ. दोन्ही बाजूंना १० पॅव्हिलियन, म्हणजे प्राध्यापकांसाठी बांधलेली घरं, आणि त्यांच्यामध्ये विद्यार्थ्यांच्या ५४ खोल्या. दहाही पॅव्हिलियन वेगवेगळ्या घडणीचे आहेत, विद्यार्थ्यांना वास्तुकलेचे नमुने रोज डोळ्यांसमोर दिसावेत म्हणून. गंमत अशी की रोटुंडापासून दूर जाताना दोन पॅव्हिलियनमधलं अंतर वाढत जातं. वरून पाहताना ते सगळं समान अंतराचं भासतं, चालत गेलात की पावलांना फरक कळतो. खोल्यांच्या दारांवर नावं असतात, बाहेर डुलत्या खुर्च्या आणि जळणाची रास. इथे राहणं अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मोठा मान, मात्र न्हाणीघर खोलीबाहेर, मागच्या बाजूला. माणसं राहतात तिथे, खिडकीतून डोकावू नका.

पॅव्हिलियनच्या मागच्या बागा सर्वांना खुल्या आहेत आणि दुपारच्या उन्हात तिथेच गारवा मिळतो. तिथल्या नागमोडी भिंती हात लावून बघा. जाडी एकाच विटेची. सरळ बांधली असती तर अशी भिंत आडवी झाली असती; वळणांमुळे ती आधाराशिवाय उभी राहते आणि विटाही कमी लागतात. आज फुलझाडं दिसतात ती विसाव्या शतकातली लागवड. मूळ काळात हे परसू होतं: स्वयंपाकघरं, गुरं, धुणी आणि तिथे राबणारे गुलाम.

बागांतून पश्चिमेच्या वेस्ट रेंज या खोल्यांच्या बाहेरच्या रांगेपाशी आलात की १३ नंबरची खोली लागते. भयकथा लिहिणारा कवी-लेखक एडगर ॲलन पो १८२६ मध्ये इथे होता, वर्षही पुरं न करता गेला. काचेच्या दारातून खोली दिसते, दोन मिनिटांचं काम.

मग रोटुंडा ओलांडून पूर्वेच्या उतारावर गुलाम मजुरांचं स्मारक, २०२० मध्ये पूर्ण झालेलं. ८० फूट व्यासाचं ग्रॅनाइटचं कडं. १८१७ ते १८६५ या काळात सुमारे ४००० गुलामांनी इथे काम केलं असा अंदाज आहे. ज्यांची नावं सापडली ती कोरली आहेत, उरलेल्यांसाठी दगडात नुसत्या आडव्या खाचा. बाहेरच्या बाजूने चालताना दगडावर इझाबेला गिबन्सचे डोळे शोधा. त्या इथे गुलाम होत्या, मुक्त झाल्यावर शिक्षिका झाल्या. रेघांनी कोरलेले हे डोळे उजेड तिरपा असेल तेव्हाच उमटतात, भर माध्यान्ही समोरूनही दिसत नाहीत. म्हणून हे शेवटी ठेवा, साधारण पाचनंतर.

डाउनटाउन दीड मैलावर. भाडं नसलेल्या शहर बसने जा किंवा गाडी वॉटर स्ट्रीट गॅरेजमध्ये लावा. मॉल म्हणजे बंदिस्त दुकानं नव्हेत, विटांनी फरसबंद केलेला वाहनबंद रस्ता. १९७६ चा, लॉरेन्स हॅल्प्रिनच्या आराखड्याचा, वर ओक वृक्षांची सावली. मॉलला छेदणाऱ्या ‘फोर्थ स्ट्रीट’ या रस्त्याला हेदर हेयर यांचं नाव आहे. १२ ऑगस्ट २०१७ ला वर्णद्वेष्ट्यांच्या मेळाव्याविरुद्ध निघालेल्या जमावात गाडी घुसवली गेली तेव्हा त्या मारल्या गेल्या. भिंतीपाशी फुलं आणि खडूचे मजकूर असतात. ज्या पुतळ्यावरून तो वाद पेटला तो यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या जनरल लीचा पुतळा २०२१ मध्ये काढला आणि नंतर वितळवला. पलीकडच्या मार्केट स्ट्रीट पार्कमध्ये तो होता ती जागा आता मोकळी आहे.

पाऊस लागला तर रोटुंडात आधी शिरा आणि लॉन नंतर करा. विटांचे रस्ते ओले झाले की निसरडे होतात, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. आणखी एक: तुमचा दिवस शनिवारी येत असेल तर विद्यापीठाचा फुटबॉल सामना आहे का ते आधी बघा. ऑगस्टअखेरीपासून हंगाम सुरू होतो. सामना गावात असेल तर पार्किंगची आशा सोडा, हॉटेलचे दरही त्या दिवशी वेगळेच असतात.